दोन ठोक्यांचा पूर्णविराम

संपादकबाईंनी फोनवर विषय सांगितला, "मुलांच्या निबंधातल्या व्याकरणाच्या आणि विरामचिन्हांच्या चुका. पण कंटाळवाणं नको हं!" म्हणजे कारल्याची भाजी करा, पण कडू लागता कामा नये. माझा सगळा जन्म घाटकोपरच्या एका मराठी शाळेत लाल पेन चालवण्यात गेला. नियम सांगायला बसले तर हा अंक पुरणार नाही आणि वाचणारा तिसऱ्या पानावर झोपेल. त्यापेक्षा एका परीक्षेची गोष्ट सांगते. मी शिकवलेल्या रीतीमुळे त्या परीक्षेत माझ्या वर्गाच्या मुली चोर ठरायची वेळ आली होती.

आधी आमची मुलं कशी होती ते सांगायला हवं. शाळा पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. मुलं वरच्या चाळींतून उतरून यायची. घरात मालवणी, गल्लीत हिंदी, वाण्याच्या दुकानात गुजराती आणि आमच्याकडे पुस्तकातलं मराठी. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. गिरण्या बंद पडलेल्या, कितीतरी घरांतले बाप दिवसभर घरी बसून होते. बोलण्यात मात्र ही पोरं कुणाला हार जायची नाहीत. कालच्या भांडणाचं वर्णन करायला सांगा, वर्ग जागचा हलायचा नाही. तेच कागदावर उतरवायला सांगितलं की वाट लागली! सकाळी सुरू झालेलं वाक्य 'आणि मग, आणि मग' करत संध्याकाळपर्यंत चालायचं. भूतकाळात निघालेला मुलगा घरी वर्तमानकाळात पोचायचा. 'माझी आई आणि तिचे तिन्ही भाऊ गावाला गेली' असं लिहिताना तीन मामांचं काय झालं याची कुणाला फिकीर नसायची. स्वल्पविराम कोथिंबिरीसारखे वरून भुरभुरलेले. पूर्णविराम जिथे ओळ संपेल तिथे. आनंद झाला की तीन उद्गारचिन्हं, फारच झाला तर पाच.

पहिली काही वर्षं मी इमानेइतबारे सगळं लाल करत राहिले. मुलं वही उघडायची, गुण बघायची, वही मिटायची. माझं लाल पेन कुणीही वाचत नाही हे कळल्यावर मला भयंकर राग आला. तो कुणावर काढावा तेच समजेना.

मग एकदा वर्गात दोघी मुली नळावरच्या भांडणाची नक्कल करत होत्या. मी ऐकत राहिले. कुठे थांबायचं, कुठे नुसता दम घ्यायचा, कुठे आवाज चढवायचा, एकही जागा चुकली नाही. यांच्या कानाला सगळं येतं, हाताला येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी रीत बदलली. आधी न थांबता निबंध लिहून काढायचा. चिन्हांचा विचारसुद्धा करायचा नाही. शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवायची. मग पहिल्या ओळीपासून मनातल्या मनात वाचायचं आणि बोट बाकावर आपटायचं. दम घेतला, एक ठोका, स्वल्पविराम. वाक्य संपलं, दोन ठोके, पूर्णविराम. प्रश्न असेल तर तीन. ठोका पडला की लगेच तिथे चिन्ह करायचं. दोन ठोके पडले की आणखी एक काम: त्या वाक्यातल्या क्रियापदावर बोट ठेवून विचारायचं, "कोण?" कोण गेली? आई की मामा? उत्तर जुळलं तर पुढे जायचं.

"आधी लिहा, मग ठोका," एवढंच माझं व्याकरण. ते चाललं. वर्षभरात मुलांची वाक्यं आखूड झाली आणि मामांना त्यांचं क्रियापद परत मिळालं. वर्गातून मात्र तांबट आळीसारखा आवाज यायचा. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर एकदा दारात येऊन म्हणाले, "बाई, तबल्याचा क्लास कधीपासून काढलात?" मी म्हटलं, "तुमची गणितं चुकतात तेवढी आमची सम चुकत नाही." सर हसले, पण दार लावून घेतलं.

त्या वर्षी दहावीला सुनंदा होती. चणीने बारीक, केसांना चापून तेल, कमी बोलणारी. तिचे वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी हातगाडी लावून पाहिली, रखवालदारी करून पाहिली, कुठे जम बसेना. कणकवलीच्या बाजूला गाव. त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं की आपण गावी परतणार, आई मुंबईतच राहणार; पोरीला नर्सिंगच्या प्रशिक्षणाला घेतलं तर तिने आईबरोबर मुंबईत राहायचं, नाहीतर त्यांच्याबरोबर गावी. रुग्णालयाची मुलाखत निकालानंतर लगेच होती आणि दहावीचा निकाल हातात असल्याशिवाय आत घेणार नव्हते. सुनंदाला नर्सच व्हायचं होतं. वर्गात निबंधाचा विषय कुठलाही असो, तिच्या निबंधात कोणीतरी आजारी पडायचं आणि बरं व्हायचं.

मराठीच्या पेपरच्या दिवशी दुपारी परीक्षाकेंद्रावरून शाळेत फोन आला. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"बाई, तुमच्या मुलींना पकडलंय."

"कशात?"

"खुणा करून उत्तरं पुरवत होत्या. शेवटच्या पंधरा मिनिटांत सगळ्या एकदम बाकं वाजवायला लागल्या. आधी कुणीतरी एकीने सुरुवात केली, मग बाकीच्यांनी साथ धरली. पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका काढून घेतल्या."

परीक्षेत मनात ठोका, असं मी बजावून सांगितलं होतं. पण दोन वर्षं बोटाला लागलेली सवय घाबरलेल्या वेळी मनात कशी राहील? आमच्या मुलींचे नंबर ओळीने आलेले, त्यामुळे एका खोलीत निम्म्याहून अधिक आमच्याच. पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेतले, तरुण शिक्षक. त्यांचाही काय दोष? खोलीभर एक, दोन, तीन, दोन असे ठोके ऐकू आल्यावर कुणालाही वाटेल की ही पर्यायांची उत्तरं चालली आहेत. पहिली टकटक कुणाची, तर सुनंदाची. तसं त्यांनी अहवालात लिहिलं.

जूनमध्ये सगळ्यांचे निकाल लागले. आमच्या त्या मुलींचे राखून ठेवले गेले. पाठोपाठ चौकशीची तारीख आली. चौकशी समितीपुढे सुनंदाने आणि मी हजर राहायचं होतं. तिचं जे ठरेल तेच बाकी सगळ्यांचं ठरणार होतं.

आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी आम्हां दोघींना त्यांच्या खोलीत बसवलं. ते वाईट माणूस नव्हते. पण शाळेचं नाव खराब होईल या भीतीने त्यांना झोप नव्हती. म्हणाले, "माझं ऐका. माफीनामा लिहून द्या. चूक झाली, पुन्हा होणार नाही. मराठीचा पेपर रद्द करतील, ऑक्टोबरला बसतील मुली. उद्या गुन्हा शाबीत झाला तर पुढच्या परीक्षांनाही बसू देणार नाहीत. बाई, तुम्हीच समजवा हिला."

खरं सांगते, मी क्षणभर डळमळले. ऑक्टोबर म्हणजे सुनंदाची मुलाखत गेली, पण बाकीच्या मुली तरी वाचतील. उद्याचा भरवसा कुणी द्यावा? मी सुनंदाला म्हटलं, "बघ गं, तुला काय वाटतं?"

ती उभी राहिली. "बाई, मी उत्तर सांगितलं नाही. मी तपासत होते."

"ते मला ठाऊक आहे. पण त्यांना पटलं नाही तर?"

"मग नाही पटलं. पण मी केलं असं मी माझ्या हाताने लिहू का?"

मी म्हटलं, "सर, माफीनामा नाही." एवढ्याशा पोरीच्या शब्दावर मी वर्गभर मुलींचं वर्ष पणाला लावलं होतं.

चौकशीच्या दिवशी सुनंदाचे वडील फाटकापर्यंत आले. आत यायला तयार नव्हते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, माका खरा सांगा. तिना कॉपी केल्यान काय?"

"नाही केली."

"केल्यान असला तरी सांगा. मी मारूचंय नाय. निकाल नाय तर हय ऱ्हवान काय करतला ती? गावाक भाताच्या लावणेक तरी उपयोगी पडात."

सुनंदा चार पावलांवर उभी होती. तिने ऐकलं होतं. ती आत चालू लागली.

खोलीत लांब टेबलामागे दोघं होती. अध्यक्ष वयस्कर, कडक इस्त्रीचा सदरा घातलेले. त्यांच्या शेजारी निळ्या साडीतल्या एक बाई. त्याही मराठीच शिकवायच्या, हे नंतर कळलं. टेबलावर आमच्या मुलींच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. मी माझी रीत समजावून सांगितली. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, गोष्ट छान आहे. पण पकडल्यावर कोणीही अशी गोष्ट रचू शकतो. तुम्ही आता मागच्या बाकावर बसा. काही बोलायचं नाही."

त्यांनी सुनंदाला कोरा कागद दिला. विषय दिला, 'आमच्या चाळीतली सकाळ'. म्हणाले, "एक पानभर लिही. बोटं वाजवायची नाहीत, ओठ हलवायचे नाहीत. डावा हात मांडीवर."

ती लिहू लागली. मी तिच्या पाठीकडे बघत होते. डावा हात मांडीवर मुठीत आवळलेला. पान भरलं तशी ती थांबली आणि नुसती बसून राहिली. अध्यक्षांनी हात पुढे केला, तिने कागद दिला. त्यांनी तो निळ्या साडीतल्या बाईंकडे सरकवला आणि बाईंनी मोठ्याने वाचायला घेतला, "'नळाला पाणी येतं आई मला हाक मारते मी हंडा घेऊन खाली जाते तिथे आधीच रांग असते कोणीतरी मध्ये घुसतं मग भांडण लागतं...'" त्या थांबल्या. "अख्ख्या पानात एक पूर्णविराम नाही. आणि परीक्षेतल्या हिच्या निबंधाचं हे पहिलं पान बघा, कसं नेटकं. ते हिने कुणाच्या जिवावर लिहिलं?"

मी उठून उभी राहिले. "अहो, तिला तपासू तर द्या!"

"बसा बाई," अध्यक्ष कडाडले. "पुन्हा बोललात तर बाहेर जावं लागेल."

मी बसले. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता. ज्या रीतीने ती लिहिते ती रीतच तिच्या हातून काढून घेतली होती आणि आता तोच पुरावा झाला होता. बाकीच्या मुली, त्यांची घरं, सगळी त्या एका उघड्याबोडक्या पानावर लटकली होती.

अध्यक्षांनी सुनंदाला विचारलं, "तुला काही म्हणायचंय?"

ती उठून उभी राहिली. "सर, हे अजून तपासलेलं नाही. तपासू का?" आणि थोडं थांबून, "पण वाजेल."

अध्यक्षांनी तिचं पान पुन्हा हातात घेतलं. निळ्या साडीतल्या बाई म्हणाल्या, "सर, मी दुसरं सुचवू का? हिला परीक्षेतला निबंध दिसणार नाही अशी उभी करू. मी तो सपाट वाचते, कुठेही न थांबता. हिने ठोके द्यायचे. निबंध हिचा असेल तर कळेल."

अध्यक्षांनी मान हलवली. सुनंदाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. बाईंनी उत्तरपत्रिका उघडली आणि एका सुरात, न थांबता वाचायला सुरुवात केली. पहिल्या वाक्याला सुनंदाचा हात उठलाच नाही. दुसऱ्या वाक्यात तिचं बोट हळूच भिंतीला लागलं. एक ठोका. पुढे दोन. बाई वाचत गेल्या आणि ठोके स्पष्ट होत गेले. एक. दोन. एक, एक, दोन. एका ठिकाणी तीन. बाईंचं बोट ओळीवरून सरकत होतं आणि प्रत्येक ठोक्याला त्या किंचित मान हलवत होत्या. अध्यक्ष खुर्ची सरकवून त्यांच्या खांद्यावरून कागदात बघायला लागले.

मग अचानक बाई बुचकळ्यात पडल्या. सुनंदाचे ठोके चालूच होते, पण बाईंचं बोट थांबलं होतं.

"आत्ता तू दोन ठोके दिलेस. इथे पूर्णविराम नाहीये."

सुनंदा भिंतीकडेच तोंड करून म्हणाली, "कुठली ओळ, बाई?"

"'डॉक्टर आले त्यांनी आजीची नाडी पाहिली'..."

"तिथे पर्यवेक्षक सरांनी माझा हात धरला," सुनंदा म्हणाली. "पुढचं तपासायचं राहिलं."

बाईंनी पान उलटलं. तिथून निबंधाच्या शेवटापर्यंत एकही चिन्ह नव्हतं. वरची दीड पानं नीट, आणि 'डॉक्टर आले' पासून खाली सगळं सलग, तिने आत्ता लिहिलेल्या पानासारखं. बाई गठ्ठ्यातली दुसरी उत्तरपत्रिका काढून बघू लागल्या. मग तिसरी. मग चौथी. अध्यक्षांनीही दोन उचलल्या. प्रत्येकीचा निबंध कुठल्यातरी ओळीपर्यंत चिन्हांसकट आणि तिथून पुढे बोडका. कुणाचा पहिल्याच परिच्छेदात, कुणाचा शेवटून दुसऱ्या वाक्याला. उत्तरपत्रिका ओढून घेतली तेव्हा जी जिथे पोचली होती तिथे.

"उत्तरं पुरवत असत्या," निळ्या साडीतल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तर पूर्णविराम कशाला पुरवले असते?"

अध्यक्षांनी उत्तरपत्रिका गठ्ठ्यावर ठेवल्या, नीट रचल्या. बराच वेळ ते रचतच होते. मग म्हणाले, "फीर इकडे, बाळ." सुनंदा फिरली. "निकाल या शनिवारी शाळेत येतील. सगळ्यांचे." माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि बाई, पुढच्या वर्षी यांना मुकं वाजवायला शिकवा." मी हात जोडले.

पुढच्या वर्षीपासून मी मुलांना पायाच्या अंगठ्याने ठोके द्यायला लावले. चपलेच्या आत कुणाला ऐकू जात नाही. आता शिकवणाऱ्यांनी वाटलं तर जरूर करून पाहावं, चालतं. पण माझ्या वर्गातला तो आवाज गेला आणि मला त्याची चुटपुट लागून राहिली.

तर त्या दिवशी आम्ही बाहेर आलो. सुनंदाचे वडील फाटकाशी उकिडवे बसले होते. आम्हांला बघून उठले. मी लांबूनच सांगितलं, "सुटल्या! सगळ्या सुटल्या. शनिवारी निकाल."

"म्हणजे तिना काय करूक नाय?"

"काही नाही केलं. तीच तर सांगत होती."

सुनंदाने मान खाली घातली होती. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एसटीची दोन तिकिटं काढली, घडी पडलेली. "सोमवारची काढलंय. तुझ्या नावाचा पण." मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "एक परत करतंय."

"दोन्ही परत करा, बाबा," सुनंदा म्हणाली.

"दोनय कशाक? माका जावकच होया. हय माका कामावर कोण घेता आता? तू ऱ्हव. आयेक बघ."

एवढं बोलून त्यांनी एक तिकीट पुन्हा खिशात घातलं आणि दुसरं हातात धरून डेपोच्या दिशेने निघाले. वर्षानुवर्षं मुंबईत राहिलेला तो माणूस, लेकीच्या निर्दोष सुटण्याने त्याची एकट्याची जायची वेळ पक्की झाली होती. मघाशी लांबून ओरडून सांगितलेली बातमी मला जिंकल्याची वाटत होती. त्याच्या पाठीकडे बघून मला ती पुन्हा सांगवेना.

शनिवारी निकाल आले. सगळ्या पास. सोमवारीच सुनंदाची मुलाखत होती आणि सोमवारी पहाटेच तिच्या वडिलांची गाडी कुर्ल्याहून सुटली. मुलाखतीला जायचं म्हणून तिला पोचवायला जाता आलं नाही. तिच्या आईने मला मुलाखतीला तिच्यासोबत जायला सांगितलं म्हणून मी गेले. रुग्णालयाच्या दारात माझ्या साडीचा पदर धरून ती थांबली. मला वाटलं, मुलाखतीचं काहीतरी विचारणार.

"बाई," ती म्हणाली, "बाबांची गाडी आता पनवेलच्या पुढे गेली असेल ना?"

मी हो म्हटलं. तिने पदर सोडला आणि आत गेली.